रंगवलेली नखं

नांदूरघाटच्या बाजारात सुंदरबाईला सगळे कासारीण म्हणतात, पण ती काही जातीची कासार नव्हे. घर शेतकऱ्याचं. नवरा, धोंडीराम, विहीर खोदताना दरड कोसळून गेला, तेव्हा तिची एकुलती एक लेक सुकन्या पाच वर्षांची होती. गावात गयाबाई नावाची म्हातारी कासारीण होती. तिचे गुडघे गेले होते, टोपली डोक्यावर घेऊन गावोगाव हिंडणं होईना. तिनं सुंदरबाईला टोपली उचलायला म्हणून सोबत घेतलं आणि दोन वर्षांत सगळा धंदाच तिच्या हाती दिला.

गयाबाईचा पहिला धडा बांगडीचा नव्हता, नखांचा होता.

"हात हातात आला की आधी नखं बघायची," ती म्हणायची. "गुलाबी असली तर बिनघोर हात दाब आणि बांगडी चढव. पांढरी असली, मधी खोलगट असली, तर त्या बाईच्या अंगात रक्त न्हाई. जोर लावलास तर जागेवर घेरी येऊन पडंल आणि नाव तुझं व्हईल. टोकं निळी असली तर छातीचं दुखणं. पिवळी असली तर डोळे बघ, कावीळ आसंल. बांगडी भर, पण भरता भरता सांग, बाई, दवाखान्यात जा."

सुंदरबाईनं हे वीस वर्षं पाळलं. केज तालुक्यातल्या किती बाया तिच्या सांगण्यावरून दवाखान्यात गेल्या त्याला गणती नाही. कुणाला रक्त चढवावं लागलं, कुणाच्या छातीतली झडप खराब निघाली. बाया पुढच्या खेपेला चहा पाजायच्या आणि शेजारणीला सांगायच्या, "हिला हात दाव, ही नखं बघून सांगती."

लेक मोठी झाली. बारावी शिकली, बोलायला धीट, दिसायला देखणी. वाघलखेड्याच्या अमरसिंहाच्या पोरानं, तानाजीनं, तिला केजच्या कॉलेजात पाहिलं आणि हट्ट धरला. अमरसिंह म्हणजे गावातला मोठा जमीनदार, दोन वेळा सरपंच झालेला. बांगड्या विकणाऱ्या विधवेची पोरगी त्याला मनातून नको होती, पण पोरगं ऐकेना. लग्न झालं. आरोही झाली. सुंदरबाई वाघलखेड्याला गेली की पुढच्या दारानं न जाता मागच्या दारानं जायची, तेवढं अंतर विहीणबाईंनी, वच्छलाबाईंनी, पहिल्यापासून ठेवलं. सुंदरबाईला त्याचं काही वाटत नव्हतं. लेक सुखात आहे ना, मग झालं.

मग वाघलखेड्याचं सरपंचपद बायकांसाठी राखीव झालं आणि अमरसिंहानं सुनेला उभं केलं. वच्छलाबाईंना चार माणसांत बोलता येत नव्हतं. सुकन्याला येत होतं.

अर्ज भरायच्या आदल्या दिवशी सुंदरबाईला बोलावणं आलं, सुकन्याला हिरवा चुडा भरायला. ती हौसेनं गेली. पहिल्यांदाच तिला ओसरीवर, सतरंजीवर बसवलं. सुकन्यानं हात पुढं केला. दहाही नखं लालभडक रंगवलेली.

"अगं माय, नखं रंगवायला कवा लागलीस?"

"आता फोटो काढतेत ना रोज," वच्छलाबाईच मधे बोलल्या. "तुमच्याच टोपलीतली बाटली हाय, दिवाळीला घेतलेली."

सुंदरबाई हसली. लेकीचा हात गार लागला. डिसेंबर होता, थंडी होती. दोन-सहाची, तिच्या नेहमीच्या मापाची बांगडी घातली तर ती कोपरापर्यंत सरकली, म्हणून दोन-चारची काढली. "वाळलीस गं," ती म्हणाली. "प्रचारात जेवण व्हतंय का?" सुकन्या म्हणाली, "व्हतंय की." आणि खाली बघितलं. ओसरीवर माणसं ये-जा करत होती, कुणी गुळपोळी आणून दिली, आरोही आजीच्या मांडीवर येऊन बसली. चुडा भरून झाला. सुंदरबाईनं लेकीच्या बोटांवर ओठ टेकवले आणि म्हणाली, "छान दिसतेत."

हे दोन शब्द तिला पुढं आयुष्यभर टोचणार होते.

सुकन्या दोनशे अकरा मतांनी निवडून आली. उघड्या जीपमधून तीन तास मिरवणूक निघाली, गुलाल इतका की माणूस ओळखू येईना. दुसऱ्या दिवशी ती जिन्यात बसूनच राहिली, वर चढता येईना. अमरसिंह म्हणाला, थकवा आहे. मग सत्कार झाले, लिंबागणेशला गणपतीला जाऊन आले, तिथं पायऱ्यांवर ती एकदा पडली. निकालानंतर अकराव्या दिवशी श्वास लागला तेव्हा तानाजीनं तिला गाडीत घालून बीडला मोठ्या दवाखान्यात नेलं आणि सासूला फोन केला. सुंदरबाई बाजारातून उठली ती टोपली शेजारणीकडे टाकून, खांद्यावरची पिशवी तशीच घेऊन, मिळेल त्या जीपनं बीडला पोचली.

नर्स सुकन्याच्या बोटाला चिमटा लावायला बघत होती. यंत्रावर आकडाच येईना. दुसरं बोट, तिसरं बोट.

"हिला नेलपॉलिश कुणी लावलंय?" नर्स चिडून म्हणाली. "यातून दिसतंय का काही आम्हाला?"

सुंदरबाईच्या पिशवीत रंग पुसायची बाटली होती, ती तिच्याकडे विकायलाच असायची. तिनं कापूस भिजवला आणि लेकीचं बोट धरलं. लाल रंग गेला. खाली नख होतं ते खडूसारखं पांढरं, मधे खोल, एखादा पाण्याचा थेंब त्यात थांबेल असं. कडा चिरफळलेल्या. नर्सला एकच बोट हवं होतं. सुंदरबाईनं दहाही बोटं पुसली. डाव्या तर्जनीवर मतदानाची शाई होती, ती तेवढी निघाली नाही.

"माय," सुकन्या म्हणाली. तिला एका वाक्यात दोनदा श्वास घ्यावा लागत होता. सासूला ती आत्याबाई म्हणायची. "आत्याबाई म्हणल्या... फोटोत हात मेल्यावानी दिसतेत. म्हणून लावली."

"मला कावून न्हाई सांगितलंस गं?"

"मतदान झालं की... दवाखान्यात जायचं ठरलं व्हतं."

डॉक्टर तरुण होते. त्यांनी विचारलं, आधी कुठं दाखवलं होतं का? तानाजी भिंतीला टेकून उभा होता. त्यानं खिशातून एक घडी घातलेला कागद काढला. केजच्या एका डॉक्टरचा होता. सहा महिन्यांपूर्वी सुकन्याचं दुसरं बाळ पोटातच गेलं होतं, तेव्हापासून तिचं अंगावरून जाणं थांबलं नव्हतं. कागदावर रक्ताचा आकडा होता, चार पॉइंट दोन. खाली लिहिलं होतं, ताबडतोब भरती करा, रक्त द्या. डॉक्टरांनी तारीख मोठ्यानं वाचली. मतदानाच्या बावीस दिवस आधीची.

"दोन-तीन बाटल्या रक्त लागलं असतं हो," डॉक्टर म्हणाले. "बाई घरी चालत गेली असती. आता हृदय थकलंय."

रक्त चढवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी सुकन्या गेली. सवाष्ण म्हणून तिला वाघलखेड्याला हिरवा चुडा भरला तोही आईनंच. हाताला जोर लावावा लागला नाही.

त्या दिवशी सुंदरबाई रडली नाही, असं बघणाऱ्या बाया सांगतात. ती वच्छलाबाईंकडे बघत होती. वच्छलाबाई छाती पिटून रडत होत्या, आणि सुंदरबाई नुसती बघत होती, धान्यातला खडा शोधावा तसं.

तेरावं झाल्यावर ती तो केजचा कागद घेऊन पोलिसांकडे गेली. तिथल्या साहेबांनी ऐकून घेतलं, कागदही वाचला आणि म्हणाले, बाई, आजारानं मृत्यू झालाय, उपचार चालू असताना झालाय, यात आम्ही काय लिहायचं? ती परत आली. नांदूरघाटच्या घरात तिनं टोपलीतल्या रंगाच्या सगळ्या बाटल्या काढल्या आणि परसात दगडानं फोडल्या. आरोहीला भेटायला गेली तर दार उघडायचे, अर्धा तास पोरीला मांडीवर घेऊ द्यायचे, चहा द्यायचे. अमरसिंह म्हणायचा, "देवाच्या मनात व्हतं." ती चहा घ्यायची नाही. बाकी काही बोलायची नाही. काय बोलायचं ते तिला अजून सुचलेलं नव्हतं.

ते सुचवलं अमरसिंहानंच.

सरपंचपद रिकामं झालं होतं. मे महिन्यात पोटनिवडणूक लागली आणि त्यानं या खेपेला बायकोला उभं केलं. वाघलखेड्याच्या फाट्यावर मोठं पोस्टर लागलं. सुंदरबाई जीपमधून उतरली आणि समोरच दिसलं. वर हात जोडलेल्या वच्छलाबाई. बाजूला सुकन्या, प्रचारातला फोटो, गळ्यात छापलेला हार. तिचेही हात जोडलेले. दहाही नखं लाल. खाली लिहिलं होतं, 'सुकन्याताईंचं अपुरं स्वप्न पूर्ण करण्यासाठी'.

सुंदरबाई उन्हात किती वेळ उभी होती तिला ठाऊक नाही. जीपवाल्यानं विचारलं, "मावशी, बरं वाटंना का?" ती म्हणाली, "आता बरं वाटायला लागलंय."

दुसऱ्या दिवसापासून तिनं बाकीची सगळी गावं सोडली. सकाळच्या पहिल्या जीपनं वाघलखेडा, दिवस मावळताना परत. गावात नऊशेच्या आसपास मतं, त्यातली अर्धी बायकांची. मतदानाला सतरा दिवस होते. तिनं गल्ली धरली आणि एकेक घर घेतलं. लग्नसराईचे दिवस, बांगड्या कुणाला नको होत्या? बाई समोर बसली की सुंदरबाई तिचा हात घ्यायची, पण बांगडी काढायची नाही. आधी अंगठ्यानं नख दाबायची.

"बघ. दाबलं की पांढरं झालं. सोडलं की लगेच लाल आलं. तुझं चांगलं हाय. माझ्या लेकीचं दाबायच्या आधीच पांढरं व्हतं. ते कुणाला दिसू नये म्हणून वरून लाल लावलं."

एवढं सांगून ती बांगडी भरायला लागायची. बाईच पुढचं विचारायची. मग ती सगळं सांगायची, कागद, तारीख, बावीस दिवस. आवाज चढवायची नाही, शिवी द्यायची नाही. तिला ठाऊक होतं, रडणाऱ्या आईला लोक सांत्वन देतात, मत देत नाहीत.

तिसऱ्या दिवशी ती गावाबाहेरच्या मेंढपाळांच्या वस्तीवर गेली. तिथली साखराबाई म्हणजे वस्तीतली सगळ्यांत जुनी बाई, तिच्या शब्दाबाहेर तिथली चाळीस-पन्नास मतं जात नसत. तिनं सगळं ऐकलं आणि पानाची चंची बाजूला ठेवून विचारलं, "मेंढरू रोडावलं की आमी त्याची पापणी उलटून बघतो. तू तर नखं बघणारी. चुडा भरताना तू हात धरला न्हाईस का लेकीचा?"

सुंदरबाईनं हे आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. सांगायचं नाही असंच ठरवलं होतं.

"धरला व्हता," ती म्हणाली. "लाल रंग बघितला आणि खुश झाले. लेक मोठ्या घरात शोभती, एवढंच दिसलं मला. बांगडी सैल झाली तरी दिसलं न्हाई. हात गार लागला तरी दिसलं न्हाई. रंगाची बाटलीबी माझीच, माझ्या टोपलीतली."

साखराबाईनं आपल्या सुनेला हाक मारली आणि तिचा हात सुंदरबाईच्या हातात दिला. "हिची बघ. पोराला दूध पाजती आणि पांढरी माती खाती."

सुनेची नखं फिकी होती, मधे दबलेली. सुंदरबाईनं तिला त्याच दिवशी आरोग्य केंद्रात पाठवलं. रक्त सहा निघालं. ही बातमी संध्याकाळपर्यंत गावभर झाली आणि दुसऱ्या दिवसापासून सुंदरबाईला घरोघर जावं लागेना. ती देवळाच्या पारावर बसायची आणि बायाच हात घेऊन यायच्या. कुणी कुणी घरून नखांचा रंग खरवडून यायच्या. वच्छलाबाईंच्या प्रचाराला बाया निघायच्या, पण त्यांच्या तोंडाकडे नाही, हातांकडे बघायच्या. वच्छलाबाईंनी पदराखाली हात झाकून घ्यायला सुरुवात केली.

अमरसिंहाचा एक माणूस होता, बंकट. तो एका दुपारी दोघा पोरांना घेऊन पारावर आला.

"ए बाई, उठ. हितं धंदा करायचा न्हाई."

"कावून? पार तुझ्या बापाचा हाय का?"

बंकटनं पायानं टोपली उडवली. हिरव्या, लाल, सोनेरी बांगड्या पायऱ्यांवरून खाली गेल्या आणि रस्त्याला काचांचा सडा पडला. सुंदरबाई उठली नाही. तिनं एक फुटका तुकडा उचलला, बघितला आणि बंकटला म्हणाली, "तुझ्या बायकोनं परवा चार डझन भरल्यात माझ्याकडून. तिची नखं बघितलीत मी. तिला विचार मी काय सांगितलं ते. तू विचारलंबी नसशील." बंकटचं तोंड उतरलं. तो निघून गेला, आणि बाया खाली उतरून काचा वेचायला लागल्या. त्या दिवशी सुंदरबाईनं एकही बांगडी विकली नाही, पण संध्याकाळपर्यंत पाराशी पन्नास बाया बसल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी खुद्द अमरसिंह आला. गाडी फाट्यावर उभी करून, तिला एकटीला गाठून.

"इहीनबाई, झालं तेवढं लई झालं. उद्यापासून गावात पाऊल टाकलं तर आरोहीचं तोंड बघायला मिळणार न्हाई. जन्मात न्हाई. इचार करा."

एवढंच बोलून तो गेला. सुंदरबाई फाट्यावरच्या दगडावर बसली. आरोही चार वर्षांची होती. हसली की सुकन्यासारखी एकाच गालावर खळी पडायची. अमरसिंह बोलल्याप्रमाणे करणारा माणूस होता, हे तिला ठाऊक होतं. तिनं दोन्ही गोष्टी मनात एकमेकींसमोर ठेवल्या. आणि तिला जे कळलं ते तिनं पुढं फक्त साखराबाईला सांगितलं. तिला नात हवी होती, जिवापाड हवी होती. पण त्या घराची जिरवणं त्याहून जास्त हवं होतं. स्वतःबद्दल हे कळल्यावर तिला लाजही वाटली नाही.

सकाळी पहिल्या जीपनं ती वाघलखेड्यात हजर होती.

वच्छलाबाई त्रेसष्ट मतांनी पडल्या. निवडून आली ती शिवशंकर मास्तरांची बायको, जिला प्रचारात धड दोन वाक्यं बोलता आली नव्हती. निकाल ऐकून लोक गावात परतले तेव्हा सुंदरबाई टोपली घेऊन अमरसिंहाच्या घरासमोर उभी होती. गर्दी जमली. अमरसिंह गाडीतून उतरला, तसं कुणीतरी ओरडलं, "भरा बे ह्याच्या हातात बांगड्या! कासारीण हायच समोर!" हशा झाला. दोघं-तिघं टोपलीकडे सरकले.

सुंदरबाईनं टोपलीवर हात ठेवला.

"हात लावू नका. बांगडी काय लाजेची गोष्ट हाय का? माझ्या आईनं घातली, माझ्या लेकीनं घातली, मरताना बी तिच्या हातात व्हती. असल्या माणसाच्या हातात भरून मी माझी बांगडी बाटवू का?"

हशा थांबला. अमरसिंहानं आत जाऊन दार लावलं, आणि ते दार तिच्यासाठी लागलं ते लागलंच. सात महिने सुंदरबाईला नात दिसली नाही. अंगणवाडीच्या कुंपणापाशी उभी राहायची तर पोरीला मागच्या बाजूनं न्यायचे. बदला घेतला होता. त्याची चव सुरुवातीला गोड होती, नंतर गोडी गेली, नुसती चव उरली. तरी कुणी विचारलं, सुंदरबाई, चुकलं का गं, तर ती म्हणायची, "न्हाई. परत करीन."

पुढच्या थंडीत, नांदूरघाटच्या आठवडी बाजाराच्या दिवशी, ऐन गर्दीत वच्छलाबाई तिच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. एकट्या. कडेवर आरोही. चपलेवर एसटीची धूळ.

"इहीनबाई," त्या म्हणाल्या. "पोरीची नखं बघा. पांढरे डाग पडलेत. केजला जायचं तर हे म्हणतेत, काही न्हाई झालं, उगं बोभाटा करू नको. मी न सांगता आले."

सुंदरबाईनं पोरीला ओढून मांडीवर घेतलं. आरोही क्षणभर बिचकली, मग बांगड्यांकडे बघायला लागली. सुंदरबाईनं एकेक बोट धरलं. नखं दाबली, सोडली. पापणी खाली ओढून बघितली. जीभ बघितली. तीन नखांवर तांदळाच्या कणीएवढे पांढरे ठिपके होते. नखं गुलाबी, भरलेली, घट्ट. खेळताना बोट आपटलं, दारात सापडलं की असे ठिपके पडतात. चार महिन्यांत नखाबरोबर वाढून निघून जातात. गयाबाईनं तिला हेही शिकवलं होतं. पोरीला काहीही झालेलं नव्हतं.

सुंदरबाईनं तोंड गंभीर केलं आणि काही बोलली नाही.

वच्छलाबाईंचा धीर सुटत चालला. "काय हाय? सांगा ना."

सुंदरबाईनं पुन्हा पहिल्या बोटापासून सुरुवात केली. सावकाश. वच्छलाबाई उन्हात उभ्याच होत्या. बसा, असं कुणी म्हणालं नव्हतं.

"वच्छलाबाई, केजचा डॉक्टर त्या दिवशी काय म्हणला व्हता?"

"कुणाबद्दल?"

"तुमाला ठाऊक हाय कुणाबद्दल."

बाजूची भाजीवाली थांबली. चार बाया बांगड्या निवडत होत्या, त्यांनी हात आखडते घेतले.

"म्हणला..." वच्छलाबाईंचा आवाज बसला. "म्हणला, भरती करा."

"मोठ्यानं सांगा. मला ऐकू येत न्हाई."

"भरती करा म्हणला! आजच्या आज! मी ऐकलं, ह्यांनी ऐकलं. हे म्हणले, आता माघार घेतली तर गावात तोंड दाखवायला जागा न्हाई. मी म्हणलं, वीस-बावीस दिवसानं काय व्हतंय. मला बी अशीच चक्कर यायची तरुणपणी, मला कुणी नेलं व्हतं दवाखान्यात? मला वाटलं, निभंल." त्या रडायला लागल्या. रडणं त्या दिवसासारखं नव्हतं, छाती पिटून नव्हतं. तोंड वाकडं झालं होतं आणि पदर लावायचंही भान नव्हतं. "नखं मीच रंगवली. रोज सकाळी बसून रंगवली. ती म्हणायची, आत्याबाई, हात दुखतो वर धरून. मी म्हणायची, जरा दम धर."

ह्या शब्दांसाठी सुंदरबाई वर्षभर जगली होती. ते मिळाले, आणि तिला वाटलं होतं तसं छातीवरचं ओझं उतरलं नाही. पण हलकंसं सरकलं, एवढं खरं.

"पोरीला काही झालेलं न्हाई," ती म्हणाली. "खेळताना लागलंय. जातेत ते डाग आपोआप."

वच्छलाबाई मटकन खाली बसल्या. भाजीवालीनं त्यांना पाणी दिलं. सुंदरबाईनं दिलं नाही. बऱ्याच वेळानं त्या उठल्या, पोरीसाठी हात पुढं केले.

"आरोही हितंच ऱ्हाईल," सुंदरबाई म्हणाली. "घरी जा आणि सांगा नवऱ्याला, कुठं ठिवून आलात ते. आणि आत्ता बाजारात काय बोललात, ते बी सांगा."

"ते मला घरात घेणार न्हाईत."

"मागचं दार हाय की. मी त्याच दारानं यायची."

वच्छलाबाई उभ्या राहिल्या. जाताना वळल्या. "माफ करा म्हणायला मला तोंड न्हाई. पण म्हणते."

"म्हणा. मी केलेलं न्हाई."

त्या एसटीच्या दिशेनं गेल्या. सुंदरबाईनं त्यांना गर्दीत दिसेनाशा होईपर्यंत बघितलं. मग आरोहीला विचारलं, भूक लागली का, आणि भजी आणायला उठली.

अमरसिंह पोरीला न्यायला आला नाही. बाजारात झालेलं बोलणं त्याच्या आधी वाघलखेड्यात पोचलं होतं, आणि पोलीस, कागद, तारीख असं काही पुन्हा निघू नये एवढंच त्याला हवं होतं. तानाजी महिन्यातून एकदा येतो, पोरीसाठी खाऊ आणतो, सासूच्या पाया पडतो आणि खाली मान घालून बसतो. सुंदरबाई त्याला जेवायला वाढते, बोलत नाही. वच्छलाबाईंना नवऱ्यानं घराबाहेर काढलं नाही, पण त्यांच्याशी बोलणं टाकलं. आरोही आता नांदूरघाटच्या शाळेत पहिलीत आहे.

दर गुरुवारी सुंदरबाई वाघलखेड्याला जाते. गल्लीगल्लीनं हिंडते, बांगड्या भरते, हात बघते. गावात कुठंही तिचा आवाज बेताचा असतो, ज्याला हवं त्याला ऐकू जाईल एवढाच. अमरसिंहाच्या दारासमोर मात्र ती टोपली खाली ठेवते, पदर सारखा करते आणि पोटातून हाक देते, "बांगड्याऽऽ घ्या बांगड्याऽऽ!" आतून टीव्हीचा आवाज वाढतो. ती थांबते, तो आवाज खाली येईपर्यंत थांबते, आणि पुन्हा एकदा हाक देते.